टेकडीची उंची

सेंट लुईसच्या धक्क्यावर यादी वाचली जात होती.
मैद्याची पिंपं चौदा. खारवलेलं डुकराचं मांस.
बंदुकीची दारू, शिशाच्या डब्यांत.
पिण्याची दारू, तिच्यावर पहारेकरी दोन.
काचमणी निळे. पांढरे नकोत, तिकडे निळेच चालतात,
असं तिकडे कधीच न गेलेल्या कुणीतरी छातीठोक सांगितलं होतं.
शाईची भुकटी. सुया. माशांचे गळ अडीचशे.
आणि गळांच्या खाली मी:
ओबडाया टिल्सन, वय एकोणीस, पाठीवर वाहण्यासाठी.

काय वाहायचं ते लिहिलं नव्हतं.

कॅप्टन लॅथ्रपने खोकं उघडून दाखवलं.
लोकरीत निजवलेली काचेची नळी, आत पारा.
हवा किती जड, जमीन किती उंच, ते ही सांगणार.
"फिलाडेल्फियाहून आलीय," तो म्हणाला,
"तुझ्यापेक्षा महाग आहे."
तो विनोद करणाऱ्यातला नव्हता.

मग मिसूरी. नदी कसली, वाहता चिखल.
वाऱ्याने दगा दिला की माणसं काठावर उतरायची,
छातीएवढ्या गाळातून दोराने होडी ओढायची.
मला ओढणं माफ होतं.
गास्पार नावाडी मला दाई म्हणायचा.
त्याच्या दोन्ही हातांना दोराचे फोड,
आणि मी वाळूवर बसून
तळहाताच्या फोडासारखं
जपत असायचो ते खोकं.
डास मात्र सगळ्यांना सारखेच चावायचे.

प्लॅट नदी दुभंगते त्याच्याही पुढे, आषाढात म्हणा,
आमचा महिना जुलै,
कॅप्टनला हिवतापाने आडवं केलं.
तंबूतून तो विचारायचा, मी आकडा सांगायचो, तो लिहायचा.
त्या टेकडीवर मी एकटाच चढलो.
गवतात बिळं होती. पाय गेला.

आवाज अगदी लहान झाला, अंडं फुटल्याएवढा.

पारा गवतात पांगला,
थेंबाथेंबात आख्खं आकाश,
आणि प्रत्येक आकाशात वाकलेला मी.
वेचायला गेलो तर बोटाला शिवेना.
खाली पॉनी बायका काठीने कंद उकरत होत्या.
त्यांतली एक मुलगी वर आली, आठ-नऊ वर्षांची,
तिने एक थेंब पानावर अलगद घेतला, जणू रोजचंच काम,
माझ्याकडे पाहून एक शब्द बोलली
आणि पान सांभाळत उतरून गेली.
टेकडीचं नाव असेल.
किंवा माझं: वेंधळा.

"किती?" कॅप्टनने तंबूतून विचारलं.
"सव्वीस इंच. वर थोडं."
"थोडं म्हणजे?"
"चौदा शतांश," मी म्हणालो.
दौतीत टाक बुडाल्याचा आवाज मला ऐकू आला.

पुढे एक्केचाळीस दिवस मी रिकामं खोकं वाहिलं.
रिकामं नव्हे. नदीतला एक गोटा घातला होता,
पाठीला सवय होती म्हणून.
रोज संध्याकाळी अंदाजपंचे आकडा,
गुडघ्यांना विचारून, थोडा वाऱ्याला विचारून.
एका रात्री गास्पारने खोकं बाजूला ठेवताना
ते जरा हलवलं. आत गडगडलं.
तो काही बोलला नाही.
त्यानंतर मला दाई म्हणाला नाही.

काल पुतण्याचा मुलगा भूगोल घोकत होता.
त्या टेकडीला आता कॅप्टनचं नाव आहे,
आणि नावापुढे माझा आकडा,
फुटांत, एककापर्यंत नेमका.
"पाठ झालं?" मी विचारलं.
झालं होतं. न अडखळता म्हणून दाखवलं त्याने.

गोटा अजून आहे, स्वयंपाकघराचं दार त्याने अडवतो.
त्या मुलीचा शब्द मी कधीकधी म्हणून पाहतो,
जवळपास येतो,
शेवटचं अक्षर मात्र लागत नाही.